आटपाडीची सुरी

वडिलांच्या मागे आमच्या घरात ज्या थोड्या वस्तू राहिल्या त्यांत एक कोयता आहे. वसईच्या बागायतदाराच्या घरी कोयता असणे ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. केळीचे लोंगर उतरवायला, नारळाच्या झावळ्या छाटायला, पानवेलीच्या वाडीत वाट मोकळी करायला तो लागतोच. एके काळी कमरेच्या लाकडी आकड्यात अडकवलेला कोयता हा वाडीत जाणाऱ्या माणसाच्या पोशाखाचाच भाग होता. ह्या कोयत्याचे वेगळेपण एवढेच की तो आमच्यापैकी कोणालाच चालवता येत नाही. वडील डावखुरे होते. गावच्या लोहाराने त्यांच्यासाठी धारेचा उतार उलट्या अंगाला काढला होता. उजव्या हाताने घाव घातला की पाते लाकडात शिरत नाही, ते निसटते आणि थेट गुडघ्याकडे येते. वडील गेल्यावर थोरल्या भावाने तो अनुभव एकदा घेतला, पाच टाके पडले आणि तेव्हापासून कोयता माळ्यावर गेला.

तो घडविणारा लोहारही आता हयात नाही. त्याच्या भट्टीच्या जागी तीन मजली इमारत उभी आहे. २०२३ सालच्या आरंभी मी आटपाडीला जावयास निघालो तो कोयत्यासाठी नव्हे, स्वतंत्रपूर पाहण्यासाठी. परंतु तिकडे शिक्षकी केलेल्या एका स्नेह्याने कळविले की आटपाडीत लोहाराची भट्टी अजून पेटते, काही धार-बिर लावायची असेल तर घेऊन या. म्हणून कोयता गोणपाटात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. पुण्यात गाडी बदलायची होती. त्याच सुमारास पुण्यातील वर्तमानपत्रे ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी भरली होती आणि कोयते विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाची ओळख नोंदवून घ्यावी असे पोलिसांनी बजावल्याचे त्यांत छापून आले होते. साठी उलटलेला एक निवृत्त मास्तर पिशवी मांडीवर घट्ट धरून स्वारगेटच्या फलाटावर अवघडून बसला आहे, हे चित्र वाचकांनीच डोळ्यांपुढे आणावे. मात्र त्या अर्ध्या तासात जो प्रश्न डोक्यात शिरला, तोच ह्या लेखाचे निमित्त ठरला. ह्या पात्याचा मालक कोण, हे एके काळी वहीत लिहावे लागत नव्हते. ते का?

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आपल्या भाषेत न मिटणाऱ्या, मुठीत पक्क्या बसविलेल्या पात्याला सुरी म्हणतात. संस्कृत क्षुरिकेपासून तो शब्द आला. चाकू हा शब्द तुर्की-फारशीच्या वाटेने आला आणि बहुधा मिटणाऱ्या पात्याला चिकटला. चाकू खिशात लपतो, सुरी लपत नाही. म्हणूनच की काय, खेड्यातील कामकऱ्याने चाकूवर कधी फारसा भरवसा ठेवला नाही. त्याचा विळा, त्याची कोयती, त्याची सुरी, सारी उघड्या पात्याची आणि सारी मागणी देऊन घडवून घेतलेली. बाजारातून तयार आणलेली सुरी ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी प्रत्येक पाते कोणातरी एका माणसासाठी जन्माला येत असे.

आटपाडी हा माणदेशातला तालुका. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता. पाऊस बेताचा, माळ उघडे, मेंढरे अमाप. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. ग. दि. आणि व्यंकटेश हे माडगूळकर बंधू आणि शंकरराव खरात अशी तीन मोठी नावे ह्याच पट्ट्याने मराठीला दिली. इथल्या कित्येक कुटुंबांनी दुष्काळाला कंटाळून गलाईचा, म्हणजे सोने-चांदी आटविण्याचा, धंदा धरला आणि ती हिंदुस्थानभर पसरली. आगीशी ह्या मुलखाचे काहीतरी नाते असावे असे मला उगीचच वाटत आले आहे. पाण्याशी नसले तरी.

अशा मुलखात लोहाराला मोठा मान. गावगाड्यात बलुतेदारांच्या तीन कासा मानलेल्या. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी आपल्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात ह्या व्यवस्थेचे जे साक्षेपी वर्णन केले आहे ते अभ्यासकांना आजही टाळता येत नाही. लोहार थोरल्या कासेतला. वर्षभर कुणब्याचे फाळ शेवटून द्यायचे, विळे-खुरपी घडवायची, कुऱ्हाडीला धार द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन ठरलेले धान्य घ्यायचे. पैशाचा व्यवहार नाही, वही नाही, पावती नाही. लोहार दर हंगामाला त्याच हातांसाठी तीच हत्यारे घडवी. कोणाची मूठ जाड, कोण डावरा, कोणाचे मनगट गेल्या साली मोडले होते, कोणाचा पोरगा यंदा पहिल्यांदाच विळा धरणार आहे, हे त्याला तोंडपाठ असे. ज्या कोयत्याने माझ्या भावाचा गुडघा फोडला तो अशाच ओळखीतून निर्माण झाला होता. तो सदोष नव्हता. उलट इतका निर्दोष होता की एका माणसाखेरीज कोणाच्याच उपयोगाचा नव्हता.

घडणीची रीत सांगण्यासारखी आहे. पूर्वी मऊ लोखंडाच्या अंगात धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करीत, कारण पोलाद महाग. मोटारी आल्यावर चित्र बदलले. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे भंगारात मिळू लागले. ह्या पाट्यांच्या पोलादात कर्बाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक असते. साध्या लोखंडी सळईत ते पाव टक्क्याच्याही आत असते, म्हणून सळईची सुरी धार धरत नाही. पाट्याचा तुकडा छिन्नीने तोडायचा, भट्टीत लाल करायचा, सांडशीने ऐरणीवर धरायचा आणि घणाने ताणायचा. घिसाड्यांच्या पालावर नवरा सांडशी धरतो आणि बायको घण मारते, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आठ-दहा रत्तल वजनाचा घण डोक्यावरून आणून नेमका त्याच जागी घालणारी ती बाई आपल्या वाङ्मयात फारशी आलेली नाही.

खरी कसोटी पुढे असते. पाते आकाराला आले की त्याला ‘पाणी’ द्यायचे. पोलाद साधारण आठशे अंशांपर्यंत तापवले की त्याची आतली घडण बदलते; ह्या उष्णतेला लोहचुंबकही त्याला चिकटत नाही. लोहाराजवळ उष्णतामापक नसतो. तो रंग पाहतो, आणि रंग नीट दिसावा म्हणून भट्टी मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात असते. पिकलेल्या चिंचेच्या बोटकासारखा, मग उगवत्या सूर्यासारखा. त्या क्षणी पाते पाण्यात किंवा तेलात बुडवायचे. एकदम सगळे बुडवले तर ते काचेसारखे कडक होते आणि पहिल्याच घावाला तडकते. म्हणून जाणता लोहार फक्त धार बुडवतो, पाठ बाहेर ठेवतो आणि लगेच वर काढतो. मग पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे उतरू लागते. घासून उजळ केलेल्या पात्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग सरकत येतो, त्यामागून तांबूस, मग जांभळा, मग निळा. सुरीला पिवळा हवा, घाव सोसणाऱ्या कोयत्याला जांभळ्याच्या जवळ. निळा धारेपर्यंत पोहोचू दिला तर धार मऊ पडते. हवा तो रंग धारेशी आला की पुन्हा पाण्यात. सारा खेळ काही क्षणांचा. तलवारीचे पाणी, माणसाचे पाणी जोखणे, असे शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्यांचे मूळ ह्या मातीच्या कुंडीत आहे. वर्षातून मोजके दिवस पाऊस पाहणाऱ्या माणदेशात, प्यायला पाणी नसले तरी पात्याला पाणी देणारी कुंडी भरलेली असे.

ही ओळख, हा जिव्हाळा लिहिताना लेखणी सैल सुटते, हे मला ठाऊक आहे. बलुत्याच्या दिवसांविषयी हळवे होऊन लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यावे.

गावात प्रत्येक पाते जसे एका माणसासाठी घडे, तसे ते एका जातीशी बांधलेले असे. न्हाव्याचा वस्तरा, चांभाराची रापी, मुलाण्याची सुरी. यात्रेला बोकड कापायचा तो मुलाण्याने. हिंदूंच्या देवाच्या यात्रेतही तो त्याचाच हक्क. आणि मेलेले ढोर ओढून नेऊन ते फाडायचे ते महाराने. ही सुरीही लोहारानेच त्याच्या मुठीच्या मापाने घडविलेली असे. परंतु ती हाती धरायची की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. जन्माबरोबर ती हाती येई.

शंकरराव खरात हे आटपाडीचेच. १९२१ साली महारवाड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गावकीचे तराळ. त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) ह्या आत्मचरित्रात हा गाव खालून पाहिलेला आहे. पुढे ते वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘बारा बलुतेदार’ ह्या नावाचे त्यांचे एक पुस्तकही आहे. बलुतेदारांवर प्रेमाने लिहिणाऱ्या ह्या लेखकाला बलुते परत यावे असे कधी वाटले असेल, हे संभवत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत जो संदेश दिला त्यात मेलेली जनावरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडा, हे कलम होते. चवदार तळ्याचे पाणी आपल्या स्मरणात राहिले, हे कलम तितके राहिले नाही. पण खेड्यापाड्यांतून त्याचा अर्थ फार नेमका होता. हातातली सुरी खाली ठेवायची होती. ती खाली ठेवताच अनेक ठिकाणी बलुते बंद झाले, पाणवठे अडले, माणसे बडवली गेली. हत्यार उचलून बंड केल्याच्या कथा इतिहासात पुष्कळ आहेत. हत्यार खाली ठेवून केलेले हे बंड त्यांच्या तोडीचे मानावयास हवे. कायद्याने ह्या वतनांचा शेवट व्हायला १९५८ चा कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यावा लागला. गावगाड्यात लोहार प्रत्येक हात ओळखत होता हे खरे. पण ती ओळख हाताची होती, माणसाची असेलच असे नव्हे.

आता औंध संस्थानाकडे वळतो. सातारा-विजापूरकडे तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले, बहात्तर गावांचे हे संस्थान. आटपाडी हा त्याचा एक तुकडा, कुंडल हा दुसरा. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्कारांचे प्रसारक होते. त्यांच्या ह्या छोट्या राज्यात पात्याच्या इतिहासाला दोन मोठी वळणे मिळाली, हा योगायोग मला मोठा विलक्षण वाटतो.

पहिले वळण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजाने कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते ह्या समजुतीशी त्यांना प्रथम झगडावे लागले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा त्यांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. यशया संदेष्ट्याने पाहिलेले स्वप्न आपल्या वाचकांना परिचित आहे. ते आपल्याकडे पन्हाळ्याच्या आसपास, तेही लोखंडाच्या टंचाईपायी, थोडेसे खरे झाले, ही नोंद आपल्या प्रवचनकारांनी घ्यायला हरकत नाही.

पण ह्या नांगराने लोहाराचे काय केले? ओतीव फाळ झिजला की नवा विकत आणायचा. तो कोणाच्याही नांगराला बसतो. सारे फाळ सारखे, सारे शेतकरी सारखे. ह्यात मोठा न्याय आहे, हे मान्य केले पाहिजे: दुकानदार फाळ विकताना जात विचारत नाही. मात्र ‘तुझ्या बैलाचा उजवा खांदा दुखतो आहे, मी कोन थोडा बदलून देतो’ असे म्हणणारा माणूसही ह्या व्यवहारातून हळूहळू गेला. लक्ष्मणरावांच्या बाबतीत एवढे सांगितले पाहिजे की माणसे ओळखण्याचे काम त्यांनी सोडले नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी आपल्या वसाहतीत पहाऱ्यावर नेमले होते. चोरीचा शिक्का बसलेल्याच्या हाती किल्ल्या देण्याचा हा प्रयोग औंधच्या मातीत आधीपासून चालू होता, हे पुढच्या हकिगतीसाठी ध्यानात ठेवावे.

दुसरे वळण स्वतंत्रपूरचे. १९३८ च्या अखेरीस भवानरावांनी आपली सत्ता प्रजेला देण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना अमलात आणली. राजा सत्तरीत होता. त्याचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ह्या उद्योगात पुढे होते. त्यांच्याबरोबर आणखी एक विलक्षण पुरुष होता. मॉरिस फ्रीडमन: जन्माने पोलंडमधील ज्यू, शिक्षणाने विद्युत अभियंता, बंगळूरच्या कारखान्यातील मोठी जागा सोडून गांधीजींकडे आलेला, भारतानंद नाव घेतलेला. सूत कातण्याच्या धनुष तकलीची कल्पना त्याची. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारा हाच. ह्या फ्रीडमनच्या आग्रहावरून आटपाडीजवळच्या माळावर १९३९ साली एक वसाहत वसविण्यात आली. संस्थानच्या तुरुंगातील कैदी, त्यांत खुनाची शिक्षा झालेलेही, तिथे आणले गेले. भिंत नाही, बेड्या नाहीत. बायकामुलांना आणून राहावे, शेती करावी, आपले आपण खावे. गावाचे नाव ठेवले स्वतंत्रपूर.

शेती करावी, असे म्हणणे सोपे आहे. शेती कशाने करायची? खुरप्याने, विळ्याने, कोयत्याने, कुऱ्हाडीने. तुरुंगाच्या इतिहासावर लिहिणारे लोक भिंत नव्हती ह्याचे कौतुक करतात आणि ते रास्तच आहे. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटते. भिंत नसली तर फार तर माणूस पळून जाईल. पण रागाच्या एका क्षणी ज्या हाताने कुऱ्हाड चालवली, त्याच हातात पुन्हा कुऱ्हाड द्यायची, आणि रात्री तिच्यासह त्याला त्याच्या झोपडीत, बायकामुलांजवळ जाऊ द्यायचे, हे धैर्य कोणत्या जातीचे? माणदेशातील खून हे बहुधा बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, घराण्याच्या अब्रूवरून होत. तिथे हाती आलेले हत्यार हे नेहमीचेच, रोजच्या कामाचे असे. म्हणजे ज्या वस्तूने अपराध घडला तीच वस्तू शिक्षेच्या जागी उपजीविकेचे साधन म्हणून परत दिली गेली. राजाला, फ्रीडमनला त्या माणसाने काय केले होते हे माहीत होते. माहीत असूनही दिली. गावचा लोहार हात ओळखून पाते देत असे. इथे माणूस ओळखून पाते दिले गेले. मला हा फरक फार मोठा वाटतो.

औंध संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. बहुतेक संस्थानी प्रयोग विलीनीकरणाबरोबर कागदपत्रांत गेले. स्वतंत्रपूर मात्र टिकले. राज्याच्या कारागृह विभागाने ते खुली वसाहत म्हणून चालू ठेवले. मी गेलो त्या दिवशी आत जाण्याची परवानगी मागितलेली नव्हती. रस्त्यावरूनच पाहिले. शेते, घरे, दोरीवर वाळणारे कपडे. एक माणूस बांधावर बसून विळ्याची धार अंगठ्याने पाहत होता. तो कैदी होता की शेजारचा शेतकरी, हे मला ओळखता आले नाही, आणि ओळखता आले नाही ह्याचे बरे वाटले.

ह्याच वसाहतीवरून सुचलेली कथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. शेटफळे हे त्यांचे जन्मगाव इथून फार दूर नाही. व्ही. शांताराम ह्यांनी तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. बर्लिनच्या महोत्सवात तो गौरविला गेला. सहा खुनी, म्हणून बारा हात. चित्रपटाच्या नावात माणसे मोजली ती हातांनी, हे सहज सुचले की मुद्दाम केले कोण जाणे. चित्रणात बैलाशी झालेल्या झटापटीत शांतारामबापूंच्या डोळ्याला मोठी इजा झाली होती. दोन डोळ्यांच्या चित्रपटापायी एक डोळा जायची पाळी आली, असे तेव्हा लोक म्हणत.

हातांनी माणसे मोजण्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक नोंद. उसाच्या पट्ट्यात आज माणसे कोयत्यांनी मोजली जातात. दुष्काळी भागातून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यागणिक. एकटाच माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. त्या दोघांच्या हातातले कोयते बाजारातून आणलेले, एकसारखे. ते कोणी घडवले हे त्यांना माहीत नसते, आणि ते कोणाच्या हाती जाणार हे घडविणाऱ्याला माहीत नसते. पुण्याच्या गल्लीत कोयता नाचविणाऱ्या पोरांच्या हातातही तोच, त्याच दुकानातला, त्याच मापाचा. मग पोलिसांना वही ठेवायला सांगावे लागते ह्यात नवल काय!

कायदाही ह्या प्रश्नाशी अडखळलेला दिसतो. १८७८ च्या इंग्रजी कायद्याने प्रजेची शस्त्रे काढून घेतली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा आला. त्याखालील १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या-खंजिरांना शस्त्र म्हटले. पण लगोलग अपवाद करावा लागला: घरकाम, शेती, शास्त्र किंवा उद्योग ह्यांसाठी घडविलेले पाते शस्त्र नव्हे. म्हणजे इंच मोजून झाल्यावरही न्यायाधीशाला शेवटी तेच विचारावे लागते, जे लोहार ऐरणीवर बसल्या बसल्या विचारत असे. कशासाठी? कोणाच्या हाताला?

हे मी कल्पनेने लिहीत नाही. स्नेह्याबरोबर आटपाडीच्या त्या भट्टीवर गेलो तेव्हा भात्याच्या जागी विजेचा पंखा आला होता. बाकी सारे जुनेच. लोहार चाळिशीचा. शेजारी वडील बसून एका विळ्याला दात पाडीत होते. कोयत्याची गोष्ट काढण्याआधी सहज म्हणून घरच्या कामाला एक सुरी सांगितली. लोहाराने विचारले, “पाव्हणं, काय कापणार तिनं?” मी म्हणालो, भाजी, मासळी, फणस. “कोण कापणार?” माझी पत्नी, आणि कधी मी. “दावा हात.” मी हात पुढे केला. त्याने आपल्या बोटांनी माझी मूठ मिटवून पाहिली. “घरात ल्हान पोरं हायत?” नातवंडे आहेत, असे सांगितले. “मग टोक न्हाई काढत.”

दुसऱ्या दिवशी सुरी तयार होती. पाटा ट्रकचा, मूठ बाभळीची, तोंडाशी पितळी शेंबी, मुठीत शिरणारा भाग लाखेने बसविलेला. टोक अंगठ्यासारखे गोल. पाठीवर घणाचे ठसे तसेच ठेवलेले. ह्या सुरीला बाजारातल्या चकचकीत सुरीसारखे रूप नाही, आणि ती जपावी लागते: वापरून झाली की धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवायची. एक रात्र ओली राहिली तर गंज धरते. पत्नीने पहिल्या आठवड्यात तिला नावे ठेवली. आता ती दुसरी सुरी हातात घेत नाही. आठवड्याने एकदा मी निसण्यावर चार वेळा फिरवतो. परातीत मासळी कापताना पाते हाडाशी अडले की मुठीतून कळते, हे कारखान्यातल्या सुरीने मला कधी कळले नव्हते.

गोणपाट सोडून वडिलांचा कोयता मी त्या म्हाताऱ्या लोहारापुढे ठेवला तो निघण्याच्या दिवशी. त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, नखाने धारेवर टिचकी मारून आवाज ऐकला. मी काही सांगण्यापूर्वीच म्हणाले, “डावखुऱ्याचा हाय.” मग पुन्हा वळवून पाहिला. “मानूस उंच न्हवता. आन् खालून वर घाव घालायचा.” वडील खरोखरच बुटके होते. केळीचा लोंगर ते खालून वर तोडत. म्हाताऱ्याने वसई कधी पाहिली नव्हती.

मी विचारले, उजव्या हाताला करून मिळेल का? त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, होईल की. ह्या अंगाची धार घासून काढायची, त्या अंगाला नवी पाडायची, पुन्हा पाणी द्यायचे. पाते बोटभर अरुंद होईल. “खरं, ज्यानं केलाय त्यानं लई निगुतीनं केलाय,” म्हातारा म्हणाला. “तुमी सांगा.”

मी बराच वेळ काही बोललो नाही. भट्टीवरचा पंखा चालू होता. शेवटी म्हणालो, असाच राहू द्या. धारेवरचा गंज तेवढा काढून द्या. त्यांनी तो राखेने आणि तेलाने काढून दिला. पैसे विचारले तर सुरीचे घेतले. कोयत्याचे घेतले नाहीत. धारदार वस्तू हातातून हातात द्यायची नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. म्हाताऱ्याने सुरी आणि कोयता दोन्ही ऐरणीजवळ जमिनीवर ठेवले, मुठी माझ्याकडे करून, आणि मी ते वाकून उचलले.